घरच्या माणसाचा केसपेपर

शेवटचं भेटले तेव्हा अण्णा मला म्हणाला, "इंदू, पापनाशमच्या कमलाम्माचं स्कॅन या आठवड्यांत आहे. वेंकूस सांग, फोन कर मणून." बोलताना त्याला धाप लागत होती. पोटात पाणी भरलेलं, डोळे पिवळे, हातांच्या काड्या झालेल्या... आणि चिंता कोणाची, तर पापनाशमच्या शाळेत पोरांचं जेवण रांधणाऱ्या एका बाईची. मी हो म्हटलं. वेंकूला निरोपही दिला. त्यानंतर नऊ दिवसांनी, पुण्याला परत येऊन माझी बॅगसुद्धा पुरती रिकामी झाली नव्हती, सकाळी कुकर लावत होते तेव्हा वेंकूचा फोन आला. "मावशी, मामा गेले." कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी फोन ठेवला. खरं सांगते, त्या वेळी मला रडू आलं नाही, राग आला. तो अजून उतरलेला नाही, आणि हे सगळं मी त्या रागातच लिहिते आहे.

अण्णा म्हणजे रघुनाथ राव, माझा सख्खा मोठा भाऊ. आमच्या कितीतरी पिढ्या तंजावूरलाच नांदल्या. तिथले तमिळ शेजारी आम्हाला 'रायर', म्हणजे राव, म्हणतात आणि आमचं मराठी ऐकून पुण्यातले लोक हसतात. मी लग्न होऊन पुण्याला आले, इथे देवनागरी शिकले, शाळेत शिकवलं, आता निवृत्तीनंतर पुरवण्यांतून लिहिते. अण्णाला देवनागरी वाचता येत नसे. माझं काही छापून आलं की मी ते त्याला फोनवर वाचून दाखवायची. तो मुकाट्याने सगळं ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "बरें आहे. पण फार कडू लिहितेस." आता हे त्याला कोण वाचून दाखवणार? जाऊ दे.

तो पाटबंधारे खात्यात कारकून होता, आणि कारकून म्हणजे हाडाचा कारकून. घरात गॅसचा सिलिंडर कधी बदलला, पाण्याची टाकी कधी घासली, याच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरावर. मी माहेरी गेले की माझ्या परतीच्या तिकिटावरचा नंबर तो स्वतःच्या वहीत उतरवून घ्यायचा. मी हसायची. "हस," म्हणायचा, "तुझं तिकीट हरवलं तर कळेल." एकदा खरंच हरवलं, तेव्हा त्याने वही काढून दाखवली आणि दोन दिवस माझ्याशी अगदी गोड बोलत राहिला, जे रागावण्यापेक्षा वाईट होतं. तरुणपणी स्कूटरवरून तिरुवैयारूला जाताना त्याला लॉरीने उडवलं होतं. मांडीचं हाड मोडलं, रक्त फार गेलं, दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. त्या काळी रक्तात काय काय तपासायचं हे कुठे धड ठाऊक होतं! तो वाचला, आम्ही देवाला नारळ फोडले, आणि ते रक्त कोणाचं होतं हे विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

वेंकू हा आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. अक्का तो लहान असतानाच गेली, म्हणून तो अण्णाच्या घरात वाढला. अण्णाला मूलबाळ नव्हतं. वेंकूला आंघोळ घालण्यापासून डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी रांगेत उभं राहण्यापर्यंत सगळं अण्णाने आणि वहिनीने केलं. वेंकू हुशार निघाला, मोठी पदवी घेऊन गावात परत आला, जुन्या बसस्टँडजवळ दवाखाना काढला. अण्णा निवृत्त झाला त्याच महिन्यात दवाखान्यातल्या पुढच्या टेबलावर जाऊन बसला. कोणी बोलावलं नव्हतं. वेंकूलाही त्याला नको म्हणायची हिंमत झाली नसावी.

आणि मग त्या दवाखान्याला शिस्त लागली. वेंकू कुठल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आला आणि येताना हेपटायटिस सी या आजारावर काय क्रमाने काय करायचं याचा एक छापील तक्ता घेऊन आला. हा विषाणू रक्तातून शिरतो, वर्षानुवर्षं काही त्रास न देता लिव्हर पोखरत राहतो. आता त्यावर चांगल्या गोळ्या आहेत, बारा आठवडे घेतल्या की बहुतेक माणसं बरी होतात. पण गोळ्या सुरू करण्याआधी विषाणू खरोखर रक्तात आहे का ते बघायचं, लिव्हर किती खराब झालंय ते बघायचं, गोळ्या संपल्यावर पुन्हा बारा आठवड्यांनी रक्त तपासायचं. आणि ज्याचं लिव्हर आधीच कडक होऊन गेलंय, ज्याला सिरॉसिस म्हणतात, त्याचा विषाणू गेला तरी कॅन्सरची भीती जात नाही. त्याचं दर सहा महिन्यांनी पोटाचं स्कॅन करायचं, तो जगेल तोवर. मला हे सगळं अण्णामुळे ठाऊक. त्याने तो तक्ता तमिळमध्ये स्वतःच्या अक्षरात उतरवला आणि टेबलाच्या काचेखाली घातला. रोग्याच्या केसपेपराला सगळे रिपोर्ट जोडलेले असल्याशिवाय तो त्याला आत सोडत नसे. रिपोर्टात एखादा आकडा खाली-वर असेल तर त्याभोवती लाल पेन्सिलीने गोल करायचा, म्हणजे घाईगर्दीत डॉक्टरची नजर चुकू नये. वेंकू एकदा वैतागून म्हणाला होता, "मामा, डॉक्टर मी आहे का तुम्ही?" अण्णा म्हणाला, "तूच. मी उगीच आकडे बघतो."

सिरॉसिसवाल्यांसाठी त्याने एक वेगळी वही केली होती, निळ्या पुठ्ठ्याची. केसपेपरचा नंबर, नाव, गाव, फोन, शेवटचं स्कॅन, पुढचं स्कॅन. सोमवारी सकाळी वही उघडून तो एकेकाला फोन लावायचा. लोक टाळायचे. मी बरा झालो, आता कशाला स्कॅन, भात लावणी चालू आहे, मुलीचं बाळंतपण आहे... हा ऐकून घ्यायचा आणि पुढच्या सोमवारी पुन्हा फोन करायचा. कमलाम्मा तर त्याच्यावर इतकी चिडायची की त्याचा नंबर दिसला की फोन नवऱ्याच्या हातात द्यायची.

आता या दवाखान्याची एक रीत सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. घरच्या माणसाला तिथे केसपेपर नव्हता. वेंकूने मायेने सुरू केलेली ती गोष्ट. मामीने ओळीत बसायचं? मावशीचं नाव पुकारायचं? छे! मी पुण्याहून गेले की वेंकू संध्याकाळी घरी येऊन, वहिनीच्या हातची कॉफी पिता पिता माझं ब्लडप्रेशर बघायचा, गोळी बदलायची तर बदलायचा, कुठे काही लिहायचं नाही. मला त्याचा केवढा अभिमान! पुण्यात मी मैत्रिणींना सांगायची, आमच्या घरात डॉक्टर आहे, आम्हाला नंबर लावावा लागत नाही. अण्णालाही तो अभिमान होताच. किंबहुना घरच्यांचे केसपेपर काढायचे नाहीत हे टेबलावर बसून तोच बजावायचा.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी त्याचं रक्त तपासलं आणि त्यात हेपटायटिस सी निघाला. डोळ्यांच्या दवाखान्यातून वेंकूला फोनवर तेवढंच कळलं. त्या जुन्या दोन बाटल्यांतून आला असावा असा सगळ्यांचा अंदाज. वेंकू घाबरला, मग सावरला, मग म्हणाला, मामा, काही काळजी करू नका, आता गोळ्या आहेत. विषाणूची तपासणी त्याने केली, गोळ्याही अगदी योग्य त्याच दिल्या, यात खोट काढता येणार नाही. पण त्या दिल्या घरी, ओसरीवर उभ्या उभ्या. लिव्हर किती खराब झालंय हे बघायची पायरी राहिली. तिरुच्चीला जाऊन लिव्हरचं मशीनवर मोजमाप करायचं होतं, ते "मामा, जाऊ कधीतरी" यावर गेलं. माणूस हिंडता-फिरता, सायकलवरून भाजी आणणारा, त्याला कसला सिरॉसिस! बारा आठवडे झाले, पुढचेही बारा झाले, विषाणू नाही असा रिपोर्ट आला. वहिनीने शिरा केला. मला फोन आला, मी पुण्यात पेढे वाटले. अण्णा बरा झाला, असं आम्ही सगळे म्हणालो, आणि निळ्या वहीत त्याचं नाव लिहायचं कोणाला सुचलं नाही. सोमवारचे फोन चालूच होते. दुसऱ्यांना.

चार वर्षांनी त्याचं जेवण तुटलं. मग वजन, मग पोट. तेव्हा सगळी मशीनं झाली, तिरुच्ची काय, चेन्नई काय, वरातीमागून घोडं. लिव्हरमधली गाठ एवढी मोठी होती की कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिरुच्चीच्या मोठ्या रुग्णालयात मी त्याच्यासोबत होते. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पेशंटचं नाव विचारलं. वहिनीने माझ्याकडे बघितलं, कारण ती नवऱ्याचं नाव घेत नाही. पन्नास वर्षांच्या संसारात घेतलेलं नाही. मी सांगितलं. मग बाईंनी कागद उलटेपालटे केले आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "यांचं सहा महिन्यांचं स्कॅन कोण बघत होतं?" वेंकू तिथेच उभा होता. तो जमिनीकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे बघत राहिले. आणि पलंगावरून अण्णा तमिळमध्ये म्हणाला, "मीच विसरलो, डॉक्टर. मला सांगितलं होतं."

विसरला! सिलिंडरची तारीख न विसरणारा माणूस! बाईंनी मान डोलावली आणि कागदावर तसंच लिहून घेतलं. त्यांच्या नोंदीप्रमाणे चूक रोग्याची. वेंकू बाहेर गेल्यावर मी अण्णाला धारेवर धरलं. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "त्यास कांही बोलू नको, इंदू. त्याचा दवाखाना आहे. लोक त्याजवर विश्वास ठेवून येतात." मी बोलले नाही. तो जाईपर्यंत मी तो शब्द पाळला. त्यापुढे तो पाळायला मी बांधील नाही असं माझं मत आहे, अण्णाचं कदाचित वेगळं असतं.

तेराव्याला कमलाम्मा आली. पापनाशमहून बसने, एक केळीचा घड काखेत धरून. वेंकूने फोन केला होता म्हणे, स्कॅन झालं, सगळं ठीक आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका स्कॅनमध्ये तिला लहानशी गाठ दिसली होती, शेंगदाण्याएवढी, ती वेळेवर जाळून टाकली. ती मला म्हणाली, "रायर फोन करायचे म्हणून मी शिव्या द्यायची. आता कोण करणार?" मी तिला केळी ठेवायला जागा दाखवली. दुसरं काय करणार होते? जमलेले लोक दिव्याखाली अंधार म्हणत होते, नशिबाच्या गोष्टी करत होते, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत होते. एवढीच माझी शोकसभा.

दोन दिवसांनी वहिनीबरोबर अण्णाचं कपाट आवरायला घेतलं. रेशनकार्ड, पेन्शनचे कागद, आणि त्यांत मोतीबिंदूच्या वेळचा तो रक्ताचा रिपोर्ट. मी सहज उघडला. प्लेटलेटचा आकडा कमी होता. मला त्यातलं फार कळत नाही, पण एवढं अण्णानेच शिकवलं होतं की हा आकडा उतरला की लिव्हर कडक झाल्याची शंका घ्यायची. आणि त्या आकड्याभोवती लाल पेन्सिलीचा गोल होता. अण्णाचा गोल, सुरुवात आणि शेवट नीट जुळलेला... म्हणजे याने बघितलं होतं. याला ठाऊक होतं. मी वहिनीला विचारलं, हा कागद वेंकूला दाखवला नाही का? ती म्हणाली, "दोनदां घेऊन गेले होते. फार गर्दी होती मणून परत आणले." घरी का नाही दाखवला? तर घरी आल्यावर पोर दमलेलं असतं, दोन घास सुखाने खाऊ दे, असं म्हणाले म्हणे. केसपेपर नाही म्हणजे नंबर नाही, आणि नंबर नाही म्हणजे पाळी नाही. टेबलाच्या अलीकडे बसून रोज पन्नास माणसांना आत सोडणाऱ्या अण्णाला स्वतःला आत जायला वाट नव्हती, आणि ती वाट त्यानेच बंद केलेली. मला त्याचाही राग आला, मेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात तरी.

तो कागद मी वेंकूसमोर ठेवला. घरातच, जेवणानंतर. त्याने लाल गोल बघितला आणि त्यावरून बोट फिरवलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, केस पांढरे झालेला. मला वाटलं होतं तो सारवासारव करील, आकडे सांगेल, मग मला मनसोक्त भांडता येईल. तेही त्याने होऊ दिलं नाही. तो म्हणाला, "मावशी, बाकीच्यांसाठी मला तक्ता बघावाच लागत नव्हता. मामा बघायचे. मामांचा कोण बघतो, हे मला कधी सुचलंच नाही." मग म्हणाला, ज्याने मला आंघोळ घातली त्याला शर्ट काढून टेबलावर झोपा म्हणायची मला लाज वाटली. हे तो खरं बोलत होता, आणि मला ते पुरेसं वाटलं नाही. मी तसं सांगितलं. म्हटलं, तुझ्या लाजेने तो गेला आणि त्याच्या भिडेने तू सुटलास. परक्यांना नियम आणि आम्हाला माया, असा कारभार केलास. त्याने मान्य केलं. मी लिहिणार आहे म्हटलं, त्यावर तो म्हणाला, लिही. दवाखान्याचं नाव घालू का म्हटलं, तर तो रिपोर्टाची घडी घालू लागला. मी घातलेलं नाही, आणि तेवढ्याने मी त्याला माफ केलं असं त्याने समजू नये.

पण एक गोष्ट उरली होती. अण्णाच्या हातच्या तक्त्यात सगळ्यात खाली एक ओळ होती: रोग्याच्या नवऱ्याची किंवा बायकोचीही एकदा रक्ततपासणी करावी. धोका कमी असतो, पण करावी. वहिनीची झाली होती का? वेंकूने कपाळावर हात मारला. नव्हती. "मामी, उद्या सकाळी घरी येऊन रक्त घेतो," तो लगेच म्हणाला, आणि वहिनीही म्हणाली, मज काय झालंय, येऊ दे घरीच. मी म्हटलं, नाही. घरी नाही. उद्या आम्ही दोघी दवाखान्यात येतो आणि ओळीत बसतो.

गेलो. रिक्षाने गेलो, बाकावर बसलो. अण्णाच्या खुर्चीवर अजून कोणाला बसवलेलं नाही. लोक येतात, टेबलावरच्या ट्रेमध्ये आपापले कागद ठेवतात आणि अंदाजाने एकमेकांच्या पाठोपाठ आत जातात. काचेखाली तो तक्ता तसाच आहे, बाजूला लाल पेन्सिल. वेंकूने दोनदा दारातून डोकावून मामी, आत या ना, म्हणून बोलावलं. वहिनी उठायला लागली की मी तिचा पदर धरून ठेवायची. लोक बघत होते. डॉक्टरांची मामी ओळीत बसली आहे हे त्यांनाही विचित्र वाटत असावं. सव्वा तास गेला. शेवटचा रोगी बाहेर पडला तेव्हा वेंकू स्वतः बाहेर आला. केसपेपरांचा गठ्ठा कुठे असतो हे त्याला ठाऊक नव्हतं, तीन खण उघडून बघावे लागले. मग एक कोरा कागद घेऊन तो अण्णाच्या खुर्चीवर बसला.

नंबर टाकला. नाव लिहिलं, सावित्रीबाई. वय विचारलं, वहिनीने दोन वर्षं कमी सांगितलं, मी दुरुस्त केलं. त्याखाली रकाना होता नवऱ्याच्या नावाचा. वेंकूचं पेन तिथे थांबलं. त्याला का ते नाव माहीत नव्हतं? पण त्याचा हात पुढे जाईना. वहिनीने सवयीने माझ्याकडे बघितलं. मी या वेळी बोलले नाही. रस्त्यावरून टाऊन बस गेली.

मग वहिनी म्हणाली, "रघुनाथ राव." हळू, पण स्पष्ट. जरा थांबून म्हणाली, "लिही रे."

वेंकूने लिहिलं. त्या दवाखान्याच्या केसपेपरावर अण्णाचं नाव आलं ते असं. मग त्याने कागदाला टाचणी लावली, आणि आम्हाला आत जायला सांगितलं.